पहिले तीन तास पाठ करून जा: सोलापूरहून परदेशात एकटीनं फिरायचं असेल तर

सहा वर्षांची असताना मी गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेत, हरवले होते. पाळण्यापाशी आईचा हात सुटला आणि मग माझ्या पिवळ्या फ्रॉकचं वर्णन अख्ख्या होम मैदानानं लाऊडस्पीकरवरून ऐकलं. त्यामुळं ३८व्या वर्षी मी सिंगापूरला एकटी चाललेय म्हणलं तेव्हा आई एवढंच म्हणली, "होम मैदानात सापडंना झालतीस, तिथं कोण पुकारणार आहे तुझं नाव?"

त्यानंतर सिंगापूर झालं, क्वालालंपूर झालं, बँकॉक दोनदा झालं, सगळीकडं एकटीच, आणि आता ओळखीतली कुणी ना कुणी सारखी विचारत असती की मला पण जायचंय गं पण सुरुवात कुठनं करू, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, ज्यांनी अजून पासपोर्टपण काढलेला नाही त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात घाला. पूर्ण ट्रिप तासातासाला आखत बसू नका, पण विमानातून उतरल्यापासून ते खोलीचं दार आतून लावेपर्यंतचे जे साधारण तीन तास असतात ना, तेवढे पाठ करून जा. त्या तीन तासांत झोप झालेली नसती, फोनला नेट नसतं, हातात सामान असतं, सगळे पैसे एकाच पर्समध्ये असतात आणि तोंडावर "मी नवीन आहे" असं लिहिलेलं असतं. फसवणाऱ्याला तुम्ही नेमक्या तेव्हाच हव्या असता. अंघोळ करून बाहेर पडलात की मग ते पण एक शहरच असतंय, तिथं पण बायका भाजी घेत असतात, पोरं शाळेला जात असतात, तुम्हाला वाट सापडत जाती. खाली जे काही सांगणार आहे त्यातलं निम्मं त्या तीन तासांसाठीच आहे.

आधी पुण्याला जाऊन या

हसू नका, खरंच सांगते. आपल्याकडं मेट्रो नाही, त्यामुळं तिकीट मशीन, टॅप करायचं गेट, लाईन बदलणं हे सगळं परदेशात पहिल्यांदा करायला गेलं की घाम फुटतो, मागं रांग लागलेली असती आणि गेट उघडंना होतंय. हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी पुण्याला जा, एकटीच, भावाकडं उतरायचं नाही, मेट्रोत बसा, सिव्हिल कोर्टला एका लाईनवरनं दुसऱ्या लाईनवर जा, एकटीनं हॉटेलात बसून निवांत जेवा. एकटं जेवायला बसणं हे सगळ्यात अवघड असतंय हे मला तिथं कळलं, वेटर तीनदा विचारून गेला "अजून कुणी येणारंय का". नंतर जमलं तर एखादी रात्र हैदराबादला एकटी राहून या. हे दोन्ही जमलं की पासपोर्टच्या मागं लागा.

पासपोर्टवरचं नाव

पासपोर्टसाठी पुण्याला हेलपाटा घालायची गरज नाही, सोलापुरात पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ऑनलाइन अर्ज करायचा, ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, मोठ्या माणसांना तो १० वर्षं चालतो, आणि तुमच्या हद्दीच्या पोलिस ठाण्यातनं व्हेरिफिकेशन होतं. घाई करायचं कारण नाही, पण नावाच्या रकान्यापाशी थांबा.

आपल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं. पासपोर्टवर आडनाव वेगळं असतं आणि उरलेली दोन्ही नावं एकत्र एका ओळीत येतात. तिकीट काढताना बायका नुसतं स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतात, किंवा आधार लग्नानंतरचं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आणि तिकीट आधार बघून काढलेलं, मग काउंटरवर गोंधळ. पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच तिकिटावर, व्हिसावर, हॉटेल बुकिंगवर टाका. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही, माझा अजून माहेरच्या नावावर आहे आणि काही अडलेलं नाही. फक्त मुदत बघा, बहुतेक देशांना तुम्ही पोचल्यापासून सहा महिने तरी पासपोर्ट चालू लागतो.

पहिलं शहर कुठलं

एकदम पॅरिस नको. माझं मत विचाराल तर सिंगापूर किंवा क्वालालंपूर. दोन्हीकडं इंग्रजी चालतं, मोडकं तर मोडकं, त्यांचंपण काही फार सरळ नसतं. शाकाहारी जेवण मिळतं, मेट्रो आहे, आणि घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास पुढं, म्हणजे घरी फोन करताना कुणाची झोप मोडत नाही.

सिंगापूरला व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटामार्फत काढायचा, सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, एजंटाचे पैसे वेगळे. मलेशियानं भारतीयांना ३० दिवसांपर्यंतच्या ट्रिपसाठी व्हिसात सूट दिलीय, २०२६ अखेरपर्यंत. थायलंडचे नियम बदलत राहतात, तिकीट काढायच्या आधी त्यांच्या दूतावासाच्या साईटवर बघायचं, मावसभावाच्या मित्राला विचारायचं नाही. आणि तिन्ही देशांना पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, थायलंडनं ते १ मे २०२५ पासून सुरू केलं. हे तिन्ही फॉर्म फुकट आहेत. सर्च केलं की वरती ज्या जाहिराती येतात त्यातल्या काही साईट ह्याच फुकट फॉर्मचे पैसे मागतात, दिसायला अगदी सरकारी दिसतात. पैसे मागितले की बंद करा.

पैसे आणि ओटीपी

माझी सगळ्यात मोठी फजिती इथं झाली. बँकॉकला पहिल्यांदा गेले तेव्हा आपलं सिम काढून तिथलं घातलं, आणि हॉटेलचे पैसे भरायला कार्ड काढलं तर बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर, ते सिम बॅगेच्या तळाला एका डबीत, आणि फोनचा सिमचा कप्पा उघडायची पिन कुठाय तर सोलापुरात टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. रिसेप्शनवरच्या पोरीनं कानातलं काढून दिलं, त्याच्या टोकानं सिम बदललं. म्हणून सांगते, आपलं सिम फोनमध्येच राहू द्या, रोमिंग चालू करून घ्या, मेसेज यायला पैसे पडतात का ते कंपनीला आधीच विचारा, आणि इंटरनेटसाठी वेगळं ईसिम (फोनमध्ये डाउनलोड होणारं सिम) घ्या. फोन ईसिमवाला नसेल तर दोन सिमचा न्या. आणि पिन पर्समध्ये.

कार्डं दोन हवीत, एक फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परदेशी चलन भरून ठेवलेलं, आणि एक बँकेचं, ॲपमध्ये जाऊन "इंटरनॅशनल" चालू केलेलं. दोन्ही एका पर्समध्ये ठेवायची नाहीत. कॅश तीन ठिकाणी, थोडी पर्समध्ये, थोडी अंगावर, थोडी बॅगेत सॅनिटरी पॅडच्या पाकिटात, तिथं कुणी हात घालत नाही. दुकानात कार्ड लावलं की मशीन कधीकधी विचारतं रुपयात भरणार का तिथल्या चलनात, रुपये बघून आपल्याला बरं वाटतं पण तो दर महाग असतो, कायम तिथलं चलन निवडा. एटीएमवर पण तेच.

बॅग, आणि खसखशीची गोष्ट

एक बॅग, जी तुम्हाला स्वतःला जिन्यानं वर नेता येईल. घरातच भरून तीन मजले चढून बघा. कपडे सुती, कारण तिथं आपल्या मे महिन्यासारखं ४२ नसतं पण दमट इतकं की अंगाला चिकटतं. आपला जाड सोलापुरी टॉवेल नेऊ नका हो, मी अभिमानानं नेला आणि चार दिवस वाळलाच नाही, बॅगेला वास. पातळ पंचा न्या.

खायचं मात्र आपल्यासारखं कुणाकडं नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी म्हणजे प्रवासासाठीच जन्माला आलेली वस्तू, रात्री उशिरा भूक लागली आणि खाली उतरावंसं वाटंना तर खोलीत बसून खायची. पण खसखस चालत नाही. सिंगापूर आणि दुबई दोन्हीकडं खसखशीवर बंदी आहे, अफूच्या बोंडातली म्हणून, तिकडं ते ड्रग्जच्या खात्यात जातं. म्हणजे अनारसे नाहीत, खसखस घातलेले लाडू नाहीत, आणि घरचा काळा मसाला नेणार असाल तर आधी आईला विचारा त्यात काय काय आहे. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, खोकल्याची कोडीन असलेली बाटली तर नकोच.

मलेशिया-सिंगापूरला चौकोनी तीन पिनचं सॉकेट असतं, ॲडॅप्टर इथनंच घेऊन जा, विमानतळावर तोच दुप्पट भावात मिळतो.

ते तीन तास

विमान असं निवडा की उजेडी पोचाल. रात्री मुंबईहून निघून सकाळी तिथं उतरणारी विमानं मिळतात, दोन हजार रुपये जास्त पडले तरी तेच घ्या. रात्री एक वाजता अनोळखी गल्लीत हॉटेल शोधण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

हॉटेल पण ह्याच हिशोबानं घ्यायचं. मेट्रो स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटं, मोठ्या रस्त्यावर, चोवीस तास रिसेप्शन. रिव्ह्यू वाचताना स्टार बघू नका, "एकटी राहिले" असं ज्या बायकांनी लिहिलंय तेवढेच रिव्ह्यू शोधून वाचा. बायकांची डॉर्म, म्हणजे एका खोलीत बऱ्याच जणींच्या खाटा, स्वस्त पडती आणि ओळखी होतात, पण पहिल्या दोन रात्री मी स्वतंत्र खोलीच घेते, पसरून झोपायला आणि रडू आलं तर रडायला. (येतं. पहिल्या संध्याकाळी येतंच. घाबरू नका, जेवलं की जातं.)

आता सिंगापूरचं उदाहरण धरून माझे तीन तास सांगते, म्हणजे कळेल पाठ करायचं म्हणजे काय. उतरल्यावर आधी टॉयलेट, तिथं निवांत तोंड धुवायचं, पैसे आणि कार्डं जागच्या जागी आहेत का बघायचं. मग इमिग्रेशन. परतीचं तिकीट, हॉटेल बुकिंग, इन्शुरन्स ह्यांची प्रिंट हातात, फोनमध्ये नाही, कारण फोन तेव्हाच बंद पडतो. विचारलं तर सरळ उत्तर द्यायचं, फिरायला आलेय, पाच दिवस, ह्या हॉटेलात. मैत्रिणीच्या नणंदेकडं पण जाणारंय वगैरे स्टोरी सांगू नका. सिंगापूरला आता पासपोर्टवर शिक्का बसत नाही, ईमेल येतो, त्यामुळं अरायव्हल कार्डावर ईमेल नीट टाका, मी शिक्का मारला नाही म्हणून तिथंच उभी राहिले होते आणि मागचा माणूस वैतागला.

बाहेर आलं की कुणी "टॅक्सी मॅडम" म्हणलं तर मान खाली घालून पुढं. चांगी विमानतळाच्या आतच मेट्रो स्टेशन आहे. टॅप होणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं बँक कार्ड गेटवर लावायचं, तिकीट काढायची गरजच नाही. ताना मेरा स्टेशनला गाडी बदलायची. पुढं कुठं उतरायचं, स्टेशनचा कुठला एक्झिट, बाहेर आल्यावर डावीकडं का उजवीकडं, हे सगळं मी घरी बसून गुगल मॅपच्या स्ट्रीट व्ह्यूवर चालून बघितलं होतं, चार वेळा, आमच्या जुळे सोलापुरातल्या हॉलमध्ये चहा पीत. त्यामुळं लिटल इंडियाला वर आले तेव्हा कोपऱ्यावरचं दुकान ओळखीचं वाटलं, अन् कुणाला काही विचारावं लागलं नाही. त्या भागाचा मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवला होता, तो वेगळाच.

हॉटेलात खोली दुपारी मिळती, सकाळी गेलात तर सामान ठेवून घेतात. रिसेप्शनवाल्यानं खोलीचा नंबर मोठ्यानं म्हणला आणि मागं कुणी उभं असेल तर खोली बदलून मागा, लाजायचं काय त्यात. खोलीत गेल्यावर कडी बघा, खिडकी बघा, जिना कुठं आहे बघा. हॉटेलचं कार्ड खिशात टाका. आणि मग घरी फोन.

घरच्यांचं काय

ह्याच्यावर भांडणं होतात म्हणून वेगळं लिहिते. दिवसातनं दहा वेळा फोन करायचं कबूल करू नका, कारण मग एक चुकला की इकडं बीपी वाढतो. एकच वेळ ठरवा, मी रात्री साडेनऊ तिथले, म्हणजे इथले सात, आईची सिरीयल सुरू व्हायच्या आधी. गुगल मॅपवर लोकेशन शेअर करून ठेवा, व्हॉट्सॲपचं लाईव्ह लोकेशन आठ तासांनी बंद होतं आणि मग "बंद का केलंस" म्हणून फोन येतो. पासपोर्टचा, व्हिसाचा, इन्शुरन्सचा फोटो भावाला पाठवून ठेवा. आणि मी कुठल्या हॉटेलात आहे हे फेसबुकवर टाकू नका, फोटो घरी परत आल्यावर टाका की, कुठं पळून चाललेत का ते.

फिरताना

नाही म्हणायला शिका. सोलापूरकरांना तसा त्रास नाही, आपल्याला तीन भाषांत नाही म्हणता येतं, मी सिंगापूरच्या सेरंगून रोडवर एका फुलवालीला सवयीनं कानडीत "बेडा" म्हणून गेले तर तिला ते कळलं, तमिळमध्ये "वेंडाम" म्हणतात म्हणून. थाई भाषेत "माय आओ खा" म्हणजे नको. शेवटचा "खा" बायकांनी आदरासाठी लावायचा असतो, आपल्याला मात्र आपण समोरच्याला जेवायला वाढतोय असं वाटतं. हसून एकदा म्हणायचं आणि चालत राहायचं, थांबलं की गेलं.

बँकॉकला ग्रँड पॅलेसजवळ एखादा टापटीप माणूस येऊन सांगतो आज बंद आहे, पूजा आहे, चला मी तुम्हाला स्वस्तात टुकटुकनं दुसरी देवळं दाखवतो, आणि ते टुकटुक शेवटी खड्यांच्या नाहीतर कपड्यांच्या दुकानासमोर थांबतं. पॅलेस बहुतेक दिवशी चालूच असतो. स्वतः गेटपर्यंत चालत जाऊन बघा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पंजाबी ड्रेस असेल तर प्रश्नच नाही. भिक्षूंना चुकूनही स्पर्श करायचा नाही, बसमध्ये शेजारी बसायचं नाही. तिथं टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजी बोलतात. सिंगापूर आणि मलेशियात पोलिस ९९९. फोनमध्ये नाही, कागदावर लिहून ठेवा.

कुणी मागं येतंय असं वाटलं तर हॉटेलकडं जाऊ नका, उजेडातल्या दुकानात शिरा, काउंटरपाशी उभ्या राहा, मेट्रोत असाल तर दुसऱ्या बायकांच्या शेजारी जाऊन बसा. आणि ओरडायची वेळ आली तर मराठीत ओरडा, इंग्रजी शब्द शोधत बसलं की आवाजच निघत नाही. बाकी पिण्याचं उघडं ठेवून जायचं नाही, रात्री ॲपवरनंच गाडी, नंबर जुळवून मागं बसायचं, हे तुम्हाला माहितीच आहे.

क्वालालंपूरला केएल सेंट्रलवरनं लोकल गाडी थेट बटू केव्हजला, म्हणजे मुरुगनच्या गुहेतल्या देवळाला, जाती, तिच्यात गुलाबी पाट्या लावलेला बायकांचा डबा असतो, त्यातच बसा. वर जायला २७२ पायऱ्या. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी, आपल्याकडं बायकांनी त्याचं दर्शन घेऊ नये म्हणतात, आणि तिथं तैपूसमच्या सणाला तमिळ बायका डोक्यावर दुधाचे कलश घेऊन त्याच पायऱ्या चढतात. मी अर्ध्यात बसून जरा वेळ विचार केला आणि मग वर गेले. माकडांपासून पर्स सांभाळा.

जेवणाचं. सिंगापूरला हॉकर सेंटर म्हणजे एका छताखाली पन्नास गाडे, लिटल इंडियात टेक्का सेंटर आहे तिथं डोसा, पराठा सगळं मिळतं. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ते टेबल कुणीतरी धरलेलं आहे, आपण एसटीच्या खिडकीतनं रुमाल टाकतो तसंच. मला हे कळल्यावर एवढं घरच्यासारखं वाटलं की काय सांगू. खाल्ल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, नाहीतर दंड. मेट्रोत पाणीसुद्धा प्यायचं नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत. नळाचं पाणी चालतं, बाटली भरून घ्या. थायलंडमध्ये शाकाहारी सांगितलं तरी माशाचा सॉस पडतो, तिथं पिवळ्या पाटीवर लाल रंगात १७ आकड्यासारखं दिसणारं अक्षर शोधा, त्याला "जे" म्हणतात, त्यात मांस-मासे-अंडं तर नाहीच, कांदा-लसूण पण नाही. आमच्या आजीला चाललं असतं.

आणि रोज दुपारी एक-दोन तास काहीच ठरवू नका. सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये फुकट जाता येतं, बाकावर बसून मी एक अख्खी दुपार काढली, कुणाला पाणी नको, कुणाचा डबा नको. संध्याकाळी पावणेआठला गार्डन्स बाय द बे ह्या दुसऱ्या बागेत मोठ्या लोखंडी झाडांचा लाइट शो असतो, तो पण फुकट, पाठ टेकून जमिनीवर झोपून बघायचा, शेजारी सगळे तसेच झोपलेले असतात.

काही बिघडलं तर

पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांकडं तक्रार, तिची प्रत, मग भारतीय दूतावास. घाई असेल तर ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, त्यावर फक्त भारतात परत येता येतं. म्हणून दोन फोटो आणि पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या कप्प्यात. परराष्ट्र मंत्रालयाचं "मदद" नावाचं पोर्टल आहे, घरचे पण त्यावर तक्रार टाकू शकतात, भावाला दाखवून ठेवा. इन्शुरन्स काढाच, तिथं साधा पाय मुरगळला तरी बिल बघून दुसरा मुरगळतो. पुढं कधी युरोपला गेलात तर शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा इन्शुरन्स सक्तीचाच आहे.

शेवटचं म्हणजे परतीची गाडी. विमान मुंबईत संध्याकाळी उतरणार म्हणून मी त्याच रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस काढली होती, विमान तीन तास लेट, आणि मी सामान घेऊन सीएसएमटीला पोचले तेव्हा गाडी कधीच गेलेली. परदेशात पाच दिवस एकटी राहून काही झालं नाही, आणि रात्र काढली ती वेटिंग रूममध्ये बॅगेवर पाय ठेवून. तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा.